नावाची पत : सेगाच्या ड्रीमकास्टची कहाणी

९ सप्टेंबर १९९९ रोजी सेगा या जपानी कंपनीचा ‘ड्रीमकास्ट’ हा व्हिडिओ गेम कन्सोल अमेरिकेत विक्रीला आला. किंमत १९९ डॉलर, इंटरनेटसाठी मोडेम आतच बसवलेला. पहिल्या दिवशी दुकानांत झुंबड उडाली. तरीही ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. यंत्र चांगले, किंमत रास्त. मग असे का व्हावे?

याचे उत्तर शोधताना मागे जावे लागते. नव्वदच्या दशकारंभी ‘जेनेसिस’ या कन्सोलच्या जाहिरातींतून सेगाने निन्टेंडोला उघड डिवचले. निन्टेंडो लहान मुलांचा, सेगा मिसरूड फुटलेल्यांचा, ही समजूत तिने रुजवली. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा खेळ दोघांच्याही यंत्रांवर आला. निन्टेंडोने त्यातले रक्त काढून टाकले; सेगाच्या यंत्रावर ठरावीक क्रमाने बटणे दाबली की ते दिसे. सेगाची आवृत्ती अधिक खपली.

ही पत पुढे सेगानेच उधळली. नोव्हेंबर १९९४ मध्ये तिने जेनेसिसला जोडायचे ‘३२एक्स’ हे उपकरण विकायला काढले आणि मे १९९५ मध्ये ‘सॅटर्न’ हा नवा कन्सोल अचानक बाजारात उतरवला. सहा महिन्यांपूर्वी ३२एक्स घेतलेल्यांना फसल्यासारखे वाटले. सॅटर्न मोजक्याच दुकानांना मिळाल्याने बाकीचे दुकानदार दुखावले. खेळ तयार करणाऱ्या कंपन्याही बेसावध सापडल्या. सॅटर्न ३९९ डॉलरचा होता. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत जाहीर केली : २९९.

ड्रीमकास्ट आला तो हे ओझे घेऊन. तो अमेरिकेत पोहोचण्याआधीच, मार्च १९९९ मध्ये, सोनीने प्लेस्टेशन २ची घोषणा केली होती. ते यंत्र तिथे मिळायला ऑक्टोबर २००० उजाडला आणि त्याला जास्त पैसे पडत होते. तरी असंख्य ग्राहक थांबून राहिले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. प्लेस्टेशन २वर डीव्हीडी चालत असे आणि सेगाची तिजोरी आटली होती, ही कारणेही खरीच. पण जे यंत्र दुकानात आहे त्यापेक्षा जे अजून आलेलेच नाही त्यावर लोकांनी भरवसा ठेवला, याचा उलगडा केवळ तंत्रज्ञानाने होत नाही. जाहिरातीने सेगाचे नाव झाले होते. वागणुकीने ते गेले.

डिसेंबर २००१ मध्ये सेगाचा लाडका सॉनिक जपानमध्ये निन्टेंडोच्याच यंत्रावर धावू लागला.