निजामाची ताटे आणि आपल्या कपबशा



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, लिहून लिहून काय लिहिणार? पण दोन वर्षांमागे धाकट्या भावजींच्या कुटुंबाबरोबर हैदराबादेस जाण्याचा योग आला. तेथे चौमहल्ला राजवाड्यात काचेच्या कपाटात मांडलेली निजामाची चिनीमातीची भांडी पाहिली. तेव्हापासून जे मनात घोळते आहे, तेच आज आपल्यापुढे मांडते.

हैदराबाद आपल्याला परके नव्हे. साखरा, सेनगाव, हिंगोली हा सारा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्या पणजोबांनी भरलेला शेतसारा त्याच खजिन्यात जात असे. म्हणून त्या ताटांचा इतिहास हा थोडासा आपल्याही घरचा इतिहास आहे.

चौमहल्ला म्हणजे चार महाल. अठराव्या शतकाच्या मध्यास त्याचे काम सुरू झाले आणि पाचव्या निजामाच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. तेथे दरबार भरे, राज्याच्या पाहुण्यांचा सत्कार होई. 2005 सालापासून तो सर्वांना पाहावयास खुला आहे. गावापासून उंचावर दुसरा एक महाल आहे, फलकनुमा. निजामाचे एक मोठे सरदार विकार-उल-उमरा यांनी 1884 साली तो बांधावयास घेतला आणि पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी तो आपल्याकडे घेतला. 1906 साली इंग्लंडचे युवराज जॉर्ज व त्यांच्या पत्नी मेरी हैदराबादेस आल्या, तेव्हा त्यांचा मुक्काम तेथेच होता. तेथील जेवणाच्या मेजावर एका वेळी 101 माणसे बसतात. 2010 पासून तेथे हॉटेल आहे.

एकशे एक पाने म्हटल्यावर तुमच्याआमच्या मनात पहिला हिशेब भांड्यांचाच येणार! आपल्याकडे एका पानावर चटणीपासून गोडापर्यंत सारे वाढून होते. साहेबी जेवणात तसे नसते. सूप झाले की ती बशी उचलायची, मासळीला दुसरी, मटणाला तिसरी, गोडाला चौथी, फळांना पाचवी. म्हणजे 101 पाहुण्यांना 505 बशा, आणि त्या सर्व एकाच घडणीच्या, एकाच नक्षीच्या. यालाच ‘डिनर सेट’ म्हणतात. एक बशी फुटली तर जोड मिळणे कठीण. त्या 505 बशा रात्री कोणी घासल्या असतील, हे मात्र कपाटावरच्या पाटीवर लिहिलेले नव्हते.

चिनीमाती हे नावच तिचे माहेर सांगते. चीनमधील कारागिरांना ही विद्या हजार वर्षांहून अधिक काळापासून येत होती. विशेष जातीची पांढरी माती व दगडाची पूड एकत्र मळून भट्टीत सुमारे 1300 अंशांच्या धगीवर भाजली की भांडे काचेसारखे घट्ट होते. ते पाणी पीत नाही, वास धरत नाही, आणि टिचकी मारली की घंटेसारखे वाजते. युरोपातील राजे या भांड्यांसाठी वेडे झाले होते, पण कृती त्यांना उमगत नव्हती. जर्मनीतील सॅक्सनीच्या राजाने बटगर नावाच्या एका माणसाला कैदेत ठेवून सोने करून दाखव म्हणून बसवले. सोने काही झाले नाही, पण 1708 च्या सुमारास त्या खटपटीतून चिनीमाती साधली, आणि 1710 साली मायसन येथे कारखाना निघाला. मग राजे आपल्या निशाणीची ताटे बनवून घेऊ लागले व एकमेकांना भेटी देऊ लागले. ताट हे जेवणासाठी राहिले नाही, राज्य किती थोर ते पाहुण्याला न बोलता सांगण्यासाठी झाले.

आपल्या मराठवाड्यातही या मातीची एक खूण आहे. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांवरून त्याला ते नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला 1687 साली राज्य घेतल्यावर औरंगजेबाने तेथेच कैदेत ठेवले. कालपर्यंत पाहुण्यांना पंक्ती घालणारा राजा आज दुसऱ्याने वाढलेले खातो! त्या काळी हिरवट चिनी ताटांविषयी अशी समजूत होती की, अन्नात विष असले तर ताट तडकते किंवा त्याचा रंग पालटतो. म्हणजे ताट मोठे, पण वाढणाऱ्यावर विश्वास नाही.

सातवे निजाम उस्मान अली खान यांचे चित्र 1937 साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापले होते, जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. त्यानंतर काही वर्षांत महायुद्धाच्या दिवसांत शेतकऱ्यांकडून लेव्हीची ज्वारी सक्तीने घेतली जाऊ लागली. माझ्या आजेसासूबाई सांगत की, पेवातली ज्वारी लपवावी तरी भीती, द्यावी तरी पोरे उपाशी. राजवाड्यातील कपाटासमोर उभी असताना मला त्यांचीच आठवण झाली.

आता घरची गोष्ट सांगते. आपल्याकडील जुन्या घरांत चिनीमातीला पूर्वी स्वयंपाकघरात थारा नसे. पितळ-तांबे राखेने, चिंचेने घासून शुद्ध होते, माती ती माती, असे म्हणत. त्यात साहेबी भांड्यांत हाडांची राख असते, असाही बोभाटा होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बैलाच्या हाडांची राख मिसळून ‘बोन चायना’ बनवीत आले आहेत. पुढे चहा आला आणि त्याच्यामागून कपबशी आली. पण सोवळे गेले नाही, त्याने फक्त जागा बदलली. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गोठ्याच्या वळचणीला कान तुटलेला एक कप खोचलेला असे. तो शेतात राबणाऱ्या बायांसाठी. चहा वरून ओतायचा आणि कप त्यांनीच धुऊन ठेवायचा. मीही कित्येक वर्षे तसाच चहा ओतला. आज लिहिताना लाज वाटते, पण स्मरणिकेत खोटे कशाला लिहावे?

हैदराबादेतच पुरानी हवेलीच्या संग्रहालयातून सप्टेंबर 2018 मध्ये निजामाचा सोन्याचा जेवणाचा डबा, कपबशी व चमचा चोरीस गेला होता. काही दिवसांत चोर सापडले, डबाही मिळाला. त्यांच्यापैकी एकजण त्या डब्यातून जेवत असे, असे पोलिसांनी सांगितले. वाचून सगळे हसले. मला वाटले, पोटाला अन्न हवे असते, ते सोन्याच्या डब्यातले असो की जर्मनच्या!

भगिनींनो, आपल्या मंडळातही एक छोटेसे चौमहल्ला आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. साहेब किंवा बाईसाहेब आल्या की फुलाफुलांच्या कपबशा खोक्यातून निघतात. आपण मात्र कागदी पेल्यात चहा घेतो, आणि पेले कमी पडले तर काहीजणी ‘मी चहा सोडलाय’ असे म्हणतात. त्या कोण असतात, हेही आपण जाणतो. त्यांच्यातल्या एकीच्या आईला मी त्या वळचणीच्या कपात चहा दिलेला आहे.

पाहुण्याचा मान राखू नये असे माझे म्हणणे नाही. अतिथी देव आहे. पण मंडळाच्या चटईवर बसलेली प्रत्येक बाई पाहुणीच आहे. यंदाच्या वर्धापनदिनाला खोके उघडावे आणि एकसारख्या कपबशा सगळ्यांना द्याव्या, अशी माझी सूचना आहे. कप कमी पडतात, तर उरलेल्यांचे पैसे मी अंड्यांच्या विक्रीतून देईन. फुटतील त्या फुटतील. कपाटात जपलेल्या ताटांचे पुढे काय होते, ते मी हैदराबादेत पाहून आले आहे.

कपबशा विसळायला त्या दिवशी मी बसेन. एखादी जोडीला आली तर बरे होईल.

आपली नम्र भगिनी,
एक सभासद, साखरा