चार तरींची वाट

देशावरच्या माणसाची वाटेविषयी एक ठाम समजूत असते. वाट म्हणजे जमीन; पाणी आडवे आले की वाट खुंटली. आमचे चांदवड तर मुंबई-आग्रा रस्त्यावरचेच गाव. व्यापाऱ्यांचे तांडे, फौजा, यात्रेकरू सारे याच रस्त्याने गेले. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आणि डोंगरकड्यातील रेणुकामाता पाहिलेल्या आम्हा मंडळींना समुद्र म्हणजे रस्त्याचा शेवट वाटावा, यात नवल ते काय!

गावातील चार तरुणांनी भाऊबीज आटोपल्यावर सायकलींवरून कोकणकिनारा पाहण्याचा बेत केला. नाशिक, कसारा घाट, मुंबई. तेथून बोटीने मांडवा, अलिबाग आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी. नकाशावर त्यांनी पट्टीने एक सरळ रेघ ओढली होती, आणि रोज किती मैल कापायचे याचा हिशेबही मांडला होता. मी म्हटले, “बाबांनो, या वाटेवर मैल मागाहून मोजा. आधी खाड्या मोजा.”

अलिबाग सोडल्यावर रेवदंड्याला पूल मिळतो. परंतु मुरूडच्या पुढे राजपुरीची खाडी आडवी येते. तेथे आगरदांड्याहून दिघीला जावयाचे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर पाहून बागमांडल्याला आले की सावित्रीची बाणकोट खाडी, पलीकडे वेसवी. हर्णैचा सुवर्णदुर्ग मागे टाकला की दाभोळला वाशिष्ठी, पलीकडे धोपावे. गुहागरच्या दक्षिणेस तवसाळ आणि समोर जयगड. मध्ये शास्त्री नदीचे मुख. अशा या चार मोठ्या खाड्या. सह्याद्रीतून निघालेल्या नद्यांची मुखे समुद्राने गिळली आणि त्यांच्या खाड्या झाल्या. पूर्वी त्या होडीने, म्हणजे कोकणच्या भाषेत तरीने, ओलांडीत. अलीकडे मोटारीही वाहून नेणाऱ्या बोटी आल्या. दाभोळ-धोपावे येथे अशी सेवा २००३ साली सुरू झाली.

समुद्रकाठच्या वाटेचा हा स्वभाव जगात अन्यत्रही दिसतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापुढे वाळूची लांबच लांब, चिंचोळी बेटे आहेत. एका बाजूस महासागर, दुसऱ्या बाजूस उथळ पाणी आणि मधून रस्ता. सायकलस्वारांचा हा आवडता मार्ग. पण हॅटरासहून ओक्राकोकला जाण्यास तेथेही बोटीतच बसावे लागते. १८४६ सालच्या एका वादळाने ती वाळू फोडून दोन नवी मुखे पाडली. आमचा किनारा काळ्या कातळाचा, इतक्या सहजासहजी फुटणारा नव्हे. तरीही पाण्याला विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

पाण्याला विचारायचे म्हणजे तिथीला विचारायचे. कोळी बांधवांचा एक जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. पांडवपंचमीला पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्याआधी सुमारे सहा तास, सकाळी दहाच्या आसपास, ओहोटी. शाळेत घोकलेली पाऊणकी अशी समुद्रावर कामास येते! अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. परतण्यास उशीर केला की पाणी वाट अडवते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी; तेव्हा पाणी फारसे मागे हटतच नाही. आडाखा ढोबळ आहे. छापील कोष्टक पाहावे आणि तेथील माणसांना विचारावे, हे उत्तम. ओल्या, घट्ट वाळूवरून सायकल मजेत पळते. पण मुक्कामी गोड्या पाण्याने ती धुऊन साखळीला तेल दिले नाही, तर खारे पाणी तिला गंज चढविल्यावाचून राहत नाही.

आता इतिहासाकडे वळू. खाडी ओलांडण्याची चिंता वाहणारा एक पुरुष आमच्याच जिल्ह्यात आपला लेख कोरून गेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याला सुमारे १९०० वर्षे झाली. गाई, गावे, सुवर्ण अशी दाने सांगता सांगता तो नद्यांची नावे घेतो: इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. या नद्यांवर त्याने धर्मार्थ नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी विसाव्याच्या जागा व पाणपोया बांधल्या. कोकणातला ‘तर’ हा शब्दही त्या लेखात आहे. दोन्ही तीरांवर, हे ध्यानात घ्यावे! वाट पाहणारा माणूस दोन्हीकडे असतो, हे त्या राजपुरुषाला ठाऊक होते.

हे भान सुटले की काय होते, तेही याच किनाऱ्यावर दिसते. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांच्या मागे घरात फूट पडली. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर इतके विकोपास गेले की १७५५ साली सुवर्णदुर्ग घेण्यास पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५६ साली विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. त्याच वर्षीच्या तहाने बाणकोट इंग्रजांना मिळाले. नानासाहेब पेशव्यांना त्यात घरच्या शत्रूचा बीमोड दिसला. समुद्रावरची आपली भिंत पडली, हे दिसले नाही. पुढे बासष्ट वर्षांनी, १८१८ साली, चांदवडचा किल्लाही इंग्रजांकडे गेला. मराठेशाहीच्या अंताची कारणे अनेक. परंतु पाण्याकडे पाठ फिरविणे हे त्यांपैकी एक खास.

तरीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि कोकणात घरोघर आकांत उडाला. म्हणून खाडीवर पूल व्हावा असे ज्याला वाटते, त्याला आपण घाटावरून आलेल्या हौशी प्रवाशांनी नावे ठेवू नयेत. रात्री आजारी माणसाला पैलतीरी नेणाऱ्याला पूल हाच पुण्याचा मार्ग. पूल होवोत, अवश्य होवोत.

सायकलीने जग पाहिलेली माणसे महाराष्ट्राला नवी नाहीत. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली सुमारे ४४,००० मैलांची जगप्रदक्षिणा करून परत आले. सायकलस्वार स्वतःच्या बळावर जातो, असे आपण म्हणतो. ते खरेच, पण समुद्रापाशी आला की त्यालाही दुसऱ्याच्या नावेत बसावे लागते.

आमच्या तरुणांनी अखेर बेत बदलला. रोजच्या मैलांचे आकडे खोडले, चार तरींपाशी चार मोकळे अर्धे दिवस ठेवले आणि वहीत तिथ्या मांडल्या. धक्क्यावर बोटीची वाट पाहताना शेजारच्या माणसाची विचारपूस होते, त्याच्या गावाची, पिकाची, मुंबईतल्या मुलाची माहिती कळते. देशावरच्या माणसाला कोकण खरे भेटायचे ते बहुधा अशाच ठिकाणी, पैलतीरावरची बोट सुटेपर्यंत.