ऊसपट्ट्यात सापापासून बचाव: तीन स्वस्त वस्तू

वालचंदनगर परिसरात उसाला लागूनच घरे आहेत. उसात उंदीर, उंदरामागे साप. महाराष्ट्रातले मुख्य विषारी चार: नाग, घोणस, फुरसे, मण्यार. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. बऱ्याचदा दुखतही नाही.

मच्छरदाणी: कडा गादीखाली नीट खोचा. झोपण्याआधी अंथरूण झटकणे तर सुन्नतच आहे.

बॅटरी: फजर-इशाला जाताना हातात हवीच.

गमबूट: रात्री दारं धरताना घाला.

साप चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, झाडफुकीत वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलवू देऊ नका. 108 ला फोन करा. सापाच्या विषावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. दुआ जरूर करा, पण गाडीत बसून.