चाळणी बदलली, वायू बदलला : अधिशोषणाच्या प्रतिमानांचा इतिहास

मागील पाठात आपण लँगम्यूरचे समीकरण मांडले. ते कोठून आले आणि कोठे अपुरे पडते, हे या पाठात एका अलीकडच्या उदाहरणावरून पाहू.

एप्रिल २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूची टंचाई होती. आपल्या शेजारच्या भिलाई पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायू रुग्णालयांसाठी जात होता. त्याच महिन्यात आयआयटी मुंबईत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या पुढाकाराने एक प्रयोग झाला. उद्योगांमध्ये नायट्रोजन तयार करणारी दाब-बदल अधिशोषण संयंत्रे असतात. अशा संयंत्रातील कार्बनची आण्विक चाळणी काढून तिच्या जागी झिओलाइट भरले आणि मांडणीत आवश्यक ते फेरफार केले. ३.५ वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळाला. हवा तीच, मग वायू का बदलला?

‘अधिशोषण’ या अर्थाचा शब्द कायझरने १८८१ मध्ये रूढ केला. १९१८ मध्ये लँगम्यूरने पृष्ठभागावर ठरावीक जागा मानल्या. रेणू बसण्याचा व सुटण्याचा वेग समान झाला की समतोल :

व्यापलेला अंश = क × दाब ÷ (१ + क × दाब)

‘क’ मध्ये रेणू आणि पृष्ठभाग यांच्यातील ओढ सामावलेली आहे. अधिशोषणात उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढले की ‘क’ घटतो. १९३८ मध्ये ब्रुनॉवर, एमेट व टेलर यांनी एकावर एक थर बसण्याचा विचार केला. सच्छिद्र पदार्थाचे पृष्ठफळ आजही त्याच पद्धतीने मोजतात. पण हवा हे मिश्रण आहे. शुद्ध वायूंच्या समतापी वक्रांवरून मिश्रणाचा अंदाज बांधण्याची ऊष्मागतिकीय रीत मायर्स व प्रॉसनित्झ यांनी १९६५ मध्ये दिली.

आता उत्तर सोपे होते. झिओलाइटमधील धनायनांचे विद्युत क्षेत्र नायट्रोजनला अधिक ओढते, कारण त्याचा चतुर्ध्रुवी आघूर्ण प्राणवायूपेक्षा मोठा आहे. नायट्रोजन अडकतो, प्राणवायू पुढे जातो. येथे समतोलाचे प्रतिमान लागू पडते.

कार्बनच्या चाळणीत मात्र दोन्ही वायूंचे समतोल वक्र जवळपास सारखेच असतात. तेथे फरक वेगाचा आहे. प्राणवायूचा रेणू किंचित लहान (३.४६ अँगस्ट्रॉम, नायट्रोजन ३.६४), म्हणून तो अरुंद छिद्रांत लवकर शिरतो आणि नायट्रोजन बाहेर येतो. केवळ समतोलाचे गणित मांडणारा विद्यार्थी ‘ही चाळणी निरुपयोगी’ असे लिहील आणि चुकेल. म्हणून प्रतिमान निवडण्यापूर्वी विचारा : येथे वायू वेगळे करतो तो समतोल की वेग?

शुद्धता ९६ च्या आसपासच का थांबते, तेही पाहा. हवेत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू व ०.९ टक्के आरगॉन असतो. झिओलाइटला हे दोघे जवळपास सारखेच वाटतात. सर्व नायट्रोजन काढला तरी प्राणवायू किती टक्के उरेल?

गणित वहीत करा. पुढच्या तासाला त्यावरूनच सुरुवात करू.