केमोथेरपी आणि तळपायांची आग : एका दुर्लक्षित त्रासाचा इतिहास

“डॉक्टर, पाय नुसते भाजतायत. पण कॅन्सर बरा होतोय ना, मग एवढं चालायचंच.”

केमोच्या गोळ्या चालू असलेल्या एक काकू हे म्हणाल्या तेव्हा त्यांची चप्पल दाराशी नव्हती, हातात होती. पट्टासुद्धा सहन होत नव्हता. तळवे काळपट, कडक, टाचेला भेग. तीन आठवडे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गोळ्या बंद करतील, ही भीती!

या त्रासाला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे, कारण डॉक्टरांनीही बराच काळ “एवढं चालायचंच” असंच धरलं होतं.

सुरुवात १९५७ पासून करू. कॅन्सरच्या पेशी युरॅसिल नावाचा घटक जास्त ओढून घेतात, असं दिसलं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांनी त्याच घटकात फ्लोरिनचा एक अणू घालून पेशींना फसवणारं औषध तयार केलं : फ्लोरोयुरॅसिल, म्हणजे तुमच्या फाइलवरचं ‘५-एफयू’. तेव्हा ते शिरेतून थोड्या वेळात दिलं जाई. तोंड येणं, जुलाब, पांढऱ्या पेशी घटणं यांचीच मुख्य धास्ती होती.

तळहात-तळपायांवरच्या लालीची पहिली नोंद १९७४ सालची. ती झ्यूल्के या डॉक्टरांनी केली, आणि तीही मायटोटेन या वेगळ्याच औषधाबाबत. पुढे १९८४ मध्ये लोकिच आणि मूर यांनी या त्रासाला लांबलचक नाव दिलं : पामर-प्लँटार एरिथ्रोडिसेस्थेशिया. अर्थ साधा आहे, तळहात-तळपायांची लाली आणि विचित्र संवेदना. मुंग्या, झोंबणं, आग हे सगळं त्या ‘संवेदना’ शब्दात आलं. रुग्ण बोलले म्हणूनच ते नावात येऊ शकलं, कारण आग डॉक्टरांच्या डोळ्यांना दिसत नाही.

पण हा त्रास नेमका त्याच काळात ठळक का झाला? औषध देण्याची पद्धत बदलत होती. पंपाच्या मदतीने ५-एफयू दिवसरात्र, थेंबाथेंबाने देता येऊ लागलं. काही दुष्परिणाम कमी झाले, पण औषध सतत शरीरात राहू लागलं आणि तळव्यांनी तक्रार सुरू केली. मग १९९८ मध्ये अमेरिकेत कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांना मंजुरी मिळाली. ही गोळी शरीरात गेल्यावर ५-एफयूमध्ये बदलते. रोज दोन वेळा, घरच्या घरी, सुई नाही की पंप नाही. सोय मोठी, पण पाय बघायला नर्सही नाही.

तळवेच का, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. तिथे घामाच्या ग्रंथी दाट असतात, चालताना दाब आणि घर्षण होतं, त्वचा जाड असून तिच्या पेशी झपाट्याने बदलतात. ही कारणं सांगितली जातात.

उपायांचा इतिहास मात्र थोडा नामुष्कीचा आहे. वर्षानुवर्षं आम्ही डॉक्टर बी-६ च्या गोळ्या लिहून देत राहिलो. २०१० मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी तिची तुलना खोट्या गोळीशी केली, तर त्रास टाळण्यात काहीच फरक नव्हता. टर्कीतल्या डॉक्टरांनी मेंदी लावून पाहिली, पण रुग्ण मोजकेच होते. (बाजारातली ‘काळी मेंदी’ मुळीच लावू नका, तिच्यातल्या रसायनाने त्वचा पोळते.) १० टक्के युरिया असलेलं साधं क्रीम मात्र २०१५ च्या जर्मन अभ्यासात दुसऱ्या एका महागड्या मलमापेक्षा सरस ठरलं.

आणि २०२४ मध्ये दिल्लीच्या एम्समधून चांगली बातमी आली. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या २६४ रुग्णांपैकी निम्म्यांना डायक्लोफेनॅक जेल दिलं, म्हणजे आपण गुडघेदुखीला चोळतो तेच, आणि निम्म्यांना औषध नसलेलं जेल. मध्यम ते तीव्र त्रास जेलवाल्यांमध्ये ३.८ टक्के, दुसऱ्या गटात १५ टक्के. हा उपाय त्रास सुरू होण्याआधीचा आहे. भेगाळलेल्या कातडीवर ते चोळू नका, आणि मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी विचारा.

आणखी एक गोष्ट. पुस्तकांत ‘लाली’ लिहिलंय ते गोऱ्या कातडीवर पाहून. आपल्याकडे तळवे बऱ्याचदा लाल दिसतच नाहीत. काळवंडतात, जाड होतात. “लाल नाही, म्हणजे ते नसेल” असं समजू नका. मुंग्या आणि आग यांवर विश्वास ठेवा. कडक गरम पाणी, अनवाणी चालणं, टाचा दगडाने घासणं टाळा. सैल, मऊ पादत्राणं घाला. फोड आले, किंवा दुखण्यामुळे चालणं अडलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी कॅन्सरतज्ज्ञांना फोन करा.

काकूंच्या बाबतीत तोच फोन मी केला. गोळ्या काही दिवस थांबवल्या, मग थोड्या कमी मात्रेत पुन्हा सुरू केल्या. असा बदल ठरलेल्या उपचाराचाच भाग असतो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढच्या वेळी आल्या तेव्हा चप्पल दाराशी होती.