ए. के. हंगल

३. अवतार किशन हंगल (१९१४–२०१२), हिंदी चित्रपट-अभिनेते. बालपण पेशावरात. कराचीत शिंपीकाम, कम्युनिस्ट चळवळ, तुरुंगवास. १९४९मध्ये मुंबईत आले आणि ‘इप्टा’ या नाट्यसंस्थेच्या नाटकांत रमले. पहिला चित्रपट ‘तीसरी कसम’ (१९६६) पडद्यावर आला तेव्हा पन्नाशी उलटलेली, त्यामुळे हिंदी सिनेमाने त्यांना तरुण असे पाहिलेच नाही. पुढे दोनशेहून अधिक चित्रपट, बहुतेक भूमिका सज्जन म्हाताऱ्यांच्या. ‘शोले’तले अंध इमामसाहेब सर्वांना आठवतात, आमच्या मते ‘नमक हराम’मधला कामगारपुढारी त्यांच्या स्वभावाच्या अधिक जवळचा. (‘शौकीन’मध्ये मात्र हेच गृहस्थ चक्क रंगेल!) १९९३मध्ये मुंबईतल्या पाकिस्तानी वकिलातीच्या समारंभाला गेल्यावरून शिवसेनेने बहिष्कार पुकारला आणि काही काळ कामे बंद झाली. पद्मभूषण २००६मध्ये.