तीन वर्षांचं मूल आणि गावाची वेस

आपल्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना अमेरिकेत न्यू जर्सीला राहतात. नातवंडं सांभाळायला जाऊन आलेल्या आज्या एक कोडं बरोबर घेऊन येतात. एका गावातलं तीन वर्षांचं मूल सरकारी बालवाडीत फुकट जातं आणि पलीकडच्या गावातल्या मुलासाठी मात्र फी भरावी लागते. राज्य एकच, मग असं का? या प्रश्नामागे पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

आधी एक शब्द समजून घेऊ. तिथे ज्याला शाळा-जिल्हा म्हणतात, तो आपल्या पुणे किंवा सातारा जिल्ह्यासारखा नसतो. बहुतेक वेळा तो एका गावापुरता असतो. त्या गावाचं स्वतःचं शाळा मंडळ असतं आणि शाळांचा बराचसा खर्च गावातल्या घरपट्टीतून निघतो. घरं महाग असली की पट्टी भरपूर आणि शाळा चांगल्या. गाव गरीब असलं की शाळेच्या छपराची दुरुस्तीही रखडते.

न्यू जर्सीच्या घटनेत १८७५ साली एक कलम आलं. पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी मोफत आणि नीट चालणाऱ्या शाळांची व्यवस्था राज्याने करावी, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो, तिथे पाचव्या. म्हणजे तीन-चार वर्षांची मुलं दोन्हीकडे उंबऱ्याबाहेरच राहिली.

या कलमाच्या आधारावर १९७० साली जर्सी सिटीतल्या एका विद्यार्थ्याच्या नावाने खटला उभा राहिला. घरपट्टीवर शाळा चालवण्याची ही पद्धत घटनेत बसत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितलं. सरकार तरीही पैशाची सोय करीना. तेव्हा जुलै १९७६ मध्ये न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला. मग मात्र काही दिवसांतच राज्याचा प्राप्तिकर मंजूर झाला.

पण दरी बुजली नाही. १९८१ साली कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्विंग्टन आणि जर्सी सिटी या चार शहरांतल्या वीस मुलांच्या वतीने नवा खटला दाखल झाला. तो ‘ॲबट’ खटला म्हणून ओळखला जातो. तो चालवणाऱ्या वकील होत्या मॅरिलिन मोरहॉयझर. आधी त्या नन होत्या, वकिलीकडे उशिरा वळल्या. गरीब शहरांतल्या शाळांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा मिळालाच पाहिजे, हा निकाल १९९० मध्ये लागला तो त्यांच्या चिकाटीमुळे. १९९५ मध्ये त्या वारल्या. बालवाडीचा आदेश पाहायला त्या राहिल्या नाहीत.

तो आदेश मे १९९८ मध्ये आला. गरीब वस्तीतलं मूल पाचव्या वर्षी शाळेत पाऊल टाकतं तेव्हाच ते मागे पडलेलं असतं, हे न्यायालयापुढे आलं होतं. घटना पाच वर्षांपासून बोलते, म्हणून न्यायालयाने राज्याच्याच कायद्यांचा आधार घेतला आणि यादीतल्या सर्वांत गरीब शहरांमध्ये तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी बालवाडी चालवायला सांगितलं. १९९९ च्या शालेय वर्षापासून वर्ग सुरू झाले.

सुरुवातीला अनेक मुलं आहे त्याच पाळणाघरांत बसवली गेली. असलं चालणार नाही, असं न्यायालयाने २००० साली बजावलं. एका वर्गात पंधरापेक्षा जास्त मुलं नकोत, एक प्रशिक्षित शिक्षिका आणि जोडीला एक मदतनीस हवी, असे नियम ठरले. पाळणाघरांतल्या शिक्षिकांना पदवी आणि बालशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळवायला २००४ पर्यंत मुदत मिळाली. या बहुतेक बायकाच. दिवसभर मुलं सांभाळायची आणि संध्याकाळी कॉलेजात बसायचं, असं करत त्या शिकल्या. त्यांच्या शिक्षणाला राज्याने शिष्यवृत्त्या दिल्या. पुढे त्यांचा पगारही सरकारी शाळेतल्या शिक्षिकांच्या बरोबरीला आणला गेला. आम्हाला या इतिहासातला हा भाग फार मोलाचा वाटतो. मुलांचा हक्क मान्य झाला तेव्हाच त्यांना सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही किंमत आली.

पण हक्क मिळाला तो गावाला. न्यू ब्रन्सविक यादीत होतं. आपली माणसं जिथे मोठ्या संख्येने आहेत ते एडिसन जवळच असूनही यादीत नव्हतं. एडिसनमध्येही भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी, मोलमजुरी करणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांची गरिबी गावाच्या सरासरीत झाकली गेली.

ही वेस रुंद करायला २००८ मध्ये कायदा झाला. जनगणनेच्या आकड्यांवरून राज्याने शाळा-जिल्ह्यांचे गट पाडले होते. सर्वांत गरीब दोन गटांतल्या जिल्ह्यांत सर्व मुलांना बालवाडी मिळणार होती. त्यांच्या वरच्या गटात शंभरातली चाळीस किंवा जास्त मुलं अल्प उत्पन्नाच्या घरांतली असतील, तर तिथेही सर्वांना. बाकी ठिकाणी फक्त गरीब घरांतल्या मुलांना. म्हणजे चाळीस असली तर सगळ्यांसाठी दार उघडं, एकोणचाळीस असली तर काहींसाठीच.

आणि या विस्तारासाठी पैसाच आला नाही. मंदी आली, कायदा कागदावर राहिला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने अठरा राज्यांना अनुदान दिलं, त्यातून न्यू जर्सीतल्या काही गावांना वर्ग काढता आले. राज्याने स्वतः विस्तारासाठी अडीच कोटी डॉलर ठेवले ते २०१७ च्या अर्थसंकल्पात. कायदा झाला तेव्हा तीन वर्षांचं असलेलं मूल तोवर बारा वर्षांचं झालं होतं. त्याची बालवाडी राहिली ती राहिलीच. त्यानंतर दरवर्षी नवी गावं जोडली जात आहेत.

हे विस्तार अनुदान आपोआप मिळत नाही. गाव पात्र असलं तरी शाळा मंडळाला अर्ज करावा लागतो. वर्ग कुठे भरवणार, शिक्षिका कुठून आणणार, गावातल्या पाळणाघरांना कसं सामावून घेणार, याचा आराखडा द्यावा लागतो. पंधरा मुलांची मर्यादा तीच, पूर्ण दिवसाचा वर्ग तोच. मंडळानेच हालचाल केली नाही, तर पात्र गावातलं मूलही घरीच बसतं.

या खटाटोपाचा उपयोग झाला का? रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या पहिल्या शहरांतल्या मुलांचा पाठपुरावा केला. बालवाडीत गेलेली मुलं चौथी-पाचवीतही भाषा आणि गणितात पुढे होती आणि एकाच इयत्तेत पुन्हा बसण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमची लेक किंवा सून तिकडे असेल, तर तिला दोन प्रश्न विचारायला सांगा. आपलं गाव या अनुदानाला पात्र आहे का? आणि पात्र असेल, तर मंडळाने अर्ज केला का? मंडळाच्या सभा सर्वांसाठी खुल्या असतात, तिथे उठून हे विचारता येतं. जागा थोड्या असल्या तर सोडत निघते, म्हणून नाव वेळेवर घालावं. तीन वर्षांचं मूल स्वतःसाठी भांडू शकत नाही. आजवर वेस जेव्हा जेव्हा सरकली, ती कुणीतरी मोठ्या माणसाने जाऊन ढकलली म्हणूनच.